क्लिनिकच्या ओटीतली पहिली नोकरी

प्रश्न थोडक्यात असा. पेडण्याची एक मुलगी, बारावी सायन्स, ओटी (म्हणजे ऑपरेशन थिएटर) टेक्निशियनचा दोन वर्षांचा डिप्लोमा संपत आलाय. फोंड्याच्या बाजूला एका सर्जनच्या क्लिनिकमधून बोलावणं आलंय, गुरुवारी मुलाखत आहे. तिथे एकच टेबल, दिवसाला दोन-तीन केसेस. ती विचारते की हे घ्यावं का मोठ्या हॉस्पिटलसाठी थांबावं, क्लिनिकमध्ये नेमकं काय करावं लागतं, आणि प्रॅक्टिकलला दोनदा चक्कर आली होती, तर हे काम आपल्याला झेपेल का.

चक्करचं आधी उरकते, ते सगळ्यांत सोपं. मलाही आली होती, पहिल्याच आठवड्यात. रक्ताचं काही वाटलं नाही, कॉटरीचा, म्हणजे विजेने जाळून रक्त थांबवायच्या यंत्राचा, धूर नाकात गेला आणि पाय गेले. उपाशी येऊ नकोस, सकाळी भाजीपाव का होईना खाऊन ये. उभी असताना गुडघे ताठ धरू नकोस. पायाची बोटं हलवत राहा, भार एका पायावरून दुसऱ्यावर घे. रक्त पायांत साठतं आणि डोक्याला कमी पडतं, एवढीच त्यामागची गोष्ट. कानात गुंई वाजायला लागली की "मी बसते" असं मोठ्याने म्हण, टेबलापासून मागे हो आणि तिथंच जमिनीवर बस. लाज वाटून उभी राहिलीस तर पेशंटच्या अंगावर पडशील. दोन-तीन महिन्यांत हे आपोआप जातं.

आता मुख्य प्रश्न. मी चोवीस वर्षं ओटीत आहे. पहिली नऊ एका मोठ्या हॉस्पिटलात, पुढची सगळी दोन टेबलांच्या नर्सिंग होममध्ये. ओटीत नोकरी लागली असं आजीला सांगितलं तेव्हा तिला वाटलं देवळात ओट्या भरायचं काम आहे, आणि ती खूश झाली. पेशंट आम्हाला सिस्टर म्हणतात, डॉक्टर नावाने हाक मारतात, पगाराच्या वहीत 'ओटी असिस्टंट' असतं. गोव्यात वैद्यकीचं शिक्षण १८४२ पासून चालू आहे, पणजीच्या त्या पोर्तुगीज काळातल्या शाळेचंच पुढे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज झालं. पण हत्यारांची ट्रॉली लावणाऱ्या माणसाला कायद्यात नाव मिळायला २०२१ उजाडलं. त्या वर्षीच्या राष्ट्रीय कायद्यात ओटी टेक्नॉलॉजिस्ट हा वेगळा पेशा म्हणून आला, आणि त्यासाठी दोन ते चार वर्षांत किमान २००० तासांचं शिक्षण लागेल असं ठरलं. तुझ्या डिप्लोमाचे तास मोजून बघ. प्रमाणपत्र हातात घेण्याआधी संस्थेला मान्यतेचा कागद माग.

मोठ्या हॉस्पिटलात हे काम चार जणांत वाटलेलं असतं. एक जण स्क्रब होऊन, म्हणजे हात धुऊन निर्जंतुक गाऊन-ग्लोव्ह घालून, सर्जनच्या हातात हत्यारं देतो, दुसरा बाहेरून सामान उघडून टाकतो, तिसरा भूलतज्ज्ञांबरोबर, आणि हत्यारं धुऊन निर्जंतुक करणारा विभाग वेगळाच. क्लिनिकमध्ये या चारही जागांवर तू असतेस, फार तर मदतीला एक मावशी. म्हणजे आदल्या दिवशी ऑटोक्लेव्ह (हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) लावताना तुझं काही चुकलं, तर दुसऱ्या दिवशी ते हत्यार उघडून सर्जनच्या हातात देणारीही तूच. मधे कुणी बघणारं नाही. हातांचं कौशल्य वर्षभरात येतं. ही एकटेपणाची बाजू मात्र कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत.

ऑटोक्लेव्हपासून सुरू करते, कारण क्लिनिकचं इन्फेक्शन तिथूनही सुरू होऊ शकतं. छोट्या ठिकाणी अजून उभा, झाकण आवळायचा ऑटोक्लेव्ह असतो. १५ पौंड दाब, १२१ अंश, २० मिनिटं, हे तुला पाठ असेल. पण २० मिनिटं कधीपासून मोजायची? बटण दाबल्यापासून नाही, १२१ अंश झाल्यापासून. आणि आधी आतली हवा बाहेर गेली पाहिजे. वरच्या नळीतून वाफेचा सरळ, सलग झोत यायला लागला की मगच ती बंद करायची. हवा आत अडकली तर काटा १५ पौंड दाखवेल, पण आत १२१ अंश झालेले नसतील. काटा खोटं बोलत नाही, तो फक्त दाब सांगतो. डब्यावर चिकटवलेल्या टेपवरच्या काळ्या रेघा बघून "झालं" म्हणणारी माणसं मी खूप पाहिली. त्या रेघा एवढंच सांगतात की डब्याला वाफ लागली. आतलं खरंच मेलं का, हे स्पोअर टेस्ट सांगते. तिच्या छोट्या बाटलीत सगळ्यांत चिवट जंतू असतात, त्यांना स्पोअर म्हणतात. डब्याच्या मधोमध ठेवून लावायची आणि मग वाढवून बघायची. क्लिनिकमध्ये ती आठवड्याला एकदा करतात असं कुणी म्हणालं तर त्या क्लिनिकमध्ये डोळे मिटून जा.

आणि आपल्याकडचा पाऊस. जून ते सप्टेंबर कपड्याचे डबे, म्हणजे ड्रम, ओले निघतात. बाहेर हवाच दमट, ड्रम ठासून भरलेला, घाईने लगेच बाहेर काढून थंड फरशीवर ठेवलेला. ओला पॅक निर्जंतुक धरायचा नाही, मग त्याला ऑटोक्लेव्हमधून काढून पाच मिनिटं का झालेली असेनात, कारण ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत झिरपतात. ड्रम पाऊणच भर. ऑटोक्लेव्हचं झाकण थोडं उघडं ठेवून आतच वाळू दे, मग बाहेर काढ आणि ड्रमची भोकं बंद कर. आमच्याकडे पावसात ड्रम ४८ तासांनी पुन्हा लागतो, उघडलेला असो की नसो. डॉक्टर कुरकुरतात, वीजबिल वाढतं म्हणतात. कुरकुरू देत.

दुर्बिणीच्या हत्यारांचं वेगळं दुखणं आहे. त्यातली काही उष्णता सोसत नाहीत, म्हणून क्लिनिकवाले ती ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशकात बुडवतात. २० मिनिटांत त्याने जंतू कमी होतात, पण स्पोअर मरायला १० तास लागतात. एकदा तयार केलेलं द्रावण १४ दिवसांपुढे वापरायचं नाही, म्हणून कॅनवर तारीख लिही, तीही मार्करने ठळक. आणि बाहेर काढून नळाखाली धुतलंस तर सगळं पाण्यात. नळाच्या पाण्यातले क्षयाच्या जातीचे चुलतभाऊ जंतू पोटावरच्या छोट्या छिद्रांत जातात आणि तीन-चार आठवड्यांनी पेशंट गाठ, पू घेऊन परत येतो. नेहमीच्या अँटिबायोटिकने ते बरं होत नाही, महिनोन् महिने औषधं घ्यावी लागतात. तोपर्यंत टाके काढून सगळे विसरलेले असतात, त्यामुळे दोष कुणाचा हेही कळत नाही. धुवायला निर्जंतुक पाणीच घे. आणि फॉर्मालिनच्या गोळ्या टाकलेला काचेचा डबा कुठे दिसला तर त्यातलं कुठलंही हत्यार पेशंटच्या पोटात जाऊ देऊ नकोस.

हत्यारं गंजतात ही गोव्यातली नेहमीची तक्रार. समुद्राला दोष देतात, पण अर्धा दोष आपलाच असतो. केस संपली की रक्ताळलेली आर्टरी, मस्किटो (रक्तवाहिनी धरायचे चिमटे) सलाइनच्या भांड्यात टाकून चहाला जातात. मिठाच्या पाण्याने चांगल्या स्टीललाही खड्डे पडतात, ब्लीचनेही तेच. साध्या पाण्यात टाक, सांधे उघडून ब्रशने धू, शेवटचं पाणी डिस्टिल्ड घे, पुसून कोरडं कर. मी फोंड्याला आले तेव्हाची मेट्झेनबॉम कात्री अजून रेशीम कापल्यासारखी चालते.

सकाळी पेशंट आत यायच्या आधी मी पाच गोष्टींना हात लावते: सक्शन, कॉटरी, लाइट, ऑक्सिजन, इन्व्हर्टर. नुसतं बघत नाही, चालू करून बघते. ऑक्सिजनच्या जादा सिलेंडरची चावी सिलेंडरलाच दोरीने बांधलेली हवी. पहिल्याच पावसात वीज गेली, जनरेटर खोकायला लागला आणि चावी ड्रॉवरमध्ये शोधत बसलो, असं एकदा झालं होतं. पेशंटला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून दोरी आहे.

आता भूल. छोट्या क्लिनिकला स्वतःचे भूलतज्ज्ञ नसतात. ते आपली बॅग घेऊन या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये गाडी हाकत असतात. सकाळी म्हापसा, दुपारी फोंडा, मधे कुठेतरी ट्रॅफिक. त्यामुळे एक दिवस असा येतो की ते वाटेत आहेत, सर्जन घाईत आहेत, आणि तुला म्हटलं जातं, "तू जरा अर्धा मिली देऊन ठेव." नाही द्यायचं. सुई, औषध, ट्यूब काढून तयार ठेव, पेशंटला बसव, पाठ धू. नसेत औषध ढकलणं तुझं काम नाही, त्वचेचे टाके घालणंही नाही. "सगळीकडे चालतं" असं सांगतील. चालतं हे खरंच आहे. काही बिघडलं की मात्र कागदावर तुझं नाव कुठेच नसतं आणि तोंडातोंडी सगळीकडे तुझंच असतं.

जिथे भूलतज्ज्ञ लागत नाहीत, गाठ काढायची, नख काढायचं, तिथे बाटली वाचणं तुझ्याकडे येतं. जागा बधिर करायचं लिग्नोकेन, साधं आणि अॅड्रेनलिनवालं, दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी आणि लेबलं जवळपास सारखी. भरताना नाव आणि टक्के मोठ्याने वाच, डॉक्टरांना लेबल दाखव. २ टक्के म्हणजे एका मिलीत २० मिलिग्रॅम. १५ मिली टोचलं की ३०० मिलिग्रॅम झाले, आणि साध्या लिग्नोकेनमध्ये धट्ट्याकट्ट्या माणसालाही त्यापुढे जायचं नसतं, बारीक म्हातारीला तर त्याच्या बऱ्याच आधी थांबायचं. किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. किती दिलं गेलं ते फळ्यावर लिहिणं तुझं काम. "तोंड बधिर लागतंय, कानात आवाज येतोय" असं पेशंट म्हणाला तर ते भीतीने बोलतोय असं समजू नकोस, लगेच डॉक्टरांना सांग.

कॉटरीवर कोर्समध्ये एक तास झाला असेल, मी दोन गोष्टी सांगते. स्पिरिटवालं औषध लावलं की किमान तीन मिनिटं सुकू दे, आणि कमरेखाली, बेंबीत साचलेलं टिपून घे. ओलं असताना ठिणगी पडली तर ड्रेपखाली, म्हणजे पेशंटवर पसरलेल्या कापडाखाली, आग लागते, आणि स्पिरिटची ज्योत ओटीच्या लाइटखाली दिसतही नाही. दुसरं, सर्जन म्हणाले "कॉटरी लागत नाही, वाढव", तर आकडा वाढवण्याआधी पेशंटच्या मांडीखालची, करंट परत जायची प्लेट बघ. निम्मी सुटलेली असली तर वाढवलेला सगळा करंट तेवढ्याच जागेतून जातो आणि भाजतं. स्पायनल (पाठीत सुई देऊन कमरेखाली भूल) दिलेला माणूस ओरडतही नाही, त्याला कळत नाही.

बाजू चुकणं हे ऐकायला अशक्य वाटतं. हर्निया डावा की उजवा, हे पेशंट, फाइल आणि सर्जन तिघांनाही माहीत असतं, तरी चुकतं, कारण तिघांनी एकाच वेळी म्हटलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची यादी काढली. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी थांबायचं आणि मोठ्याने वाचायचं. आठ शहरांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होती, आणि मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. आपल्याकडे बरेच जण तो कागद केस संपल्यावर चहा पिताना भरतात. तू चीर घेण्याआधी वाच. पहिल्या दिवशी सगळे हसतील. तिसऱ्या महिन्यात तू विसरलीस तर सर्जनच विचारतील, "आज वाचलं नाहीस?"

मोजणीबद्दल माझी स्वतःची चूक सांगते. मोठ्या हॉस्पिटलातलं माझं तिसरं की चौथं वर्ष होतं. पोटाची केस, स्पायनलमध्ये. सुरू करताना गॉज (रक्त टिपायचे कापडाचे तुकडे) मोजले, वीस. पोट बंद करायच्या आधी मोजले, एकोणीस. सर्जन म्हणाले बादलीत बघा. बादली उलटी केली, ड्रेप झटकले, टेबलाखाली गेलो. पोटात पुन्हा हात घालून सगळीकडे बघितलं. अर्धा तास गेला, आणि स्पायनलला काही कायमची मुदत नसते. ती बाई पाय हलवायला लागली. शेवटी भूलतज्ज्ञांनी तिच्या हातावरची चिकटपट्टी सरळ केली आणि त्याखाली निघाला. सलाइनची सुई घट्ट बसावी म्हणून मीच मोजलेल्यातला एक काढून दिला होता, आणि विसरले होते.

तेव्हापासून नियम असा, आणि हा तू आजच पाठ कर. मोजलेल्यातला गॉज कशालाही द्यायचा नाही, कापायचा नाही, ड्रेसिंगला वापरायचा नाही, आणि केस संपेपर्यंत कचऱ्याची पिशवी ओटीबाहेर जाऊ द्यायची नाही. पोटात फक्त धागेवाला मॉप, तो निळा धागा एक्सरेत दिसतो. मोजणी दोघांनी, मोठ्याने: सुरुवातीला, पोट बंद करण्याआधी आणि त्वचेच्या आधी. क्लिनिकमध्ये दुसरं माणूस नसेल तर मावशीला शिकव. वीसपर्यंत सगळ्यांना मोजता येतं. आकडा जुळला नाही तर "सर, एक कमी आहे" एवढं एकच वाक्य. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. "असेल कुठेतरी" याला उत्तर द्यायचं नाही, नुसतं उभं राहायचं आणि पुढचा टाका सुईवर चढवून द्यायचा नाही. मी दोनदा असं केलंय. एकदा सर्जन दोन दिवस बोलले नाहीत. पगार त्याच महिन्यात वेळेवर आला.

त्या बाईवरून आठवलं. स्पायनलचा पेशंट जागा असतो आणि त्याला सगळं ऐकू येतं. आपण काल रात्रीच्या जागराचं, चवथीला गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या माटोळीचं बोलत असतो, आणि कापडापलीकडून आवाज येतो, "बाये, सोंपलें मगो?" मधूनमधून पडद्याच्या त्या बाजूला जाऊन चेहरा दाखव. डिचोली-सत्तरीच्या माणसाशी मराठीत, सासष्टीच्या माणसाशी कोंकणीत, बांद्या-दोडामार्गाहून आलेल्याशी मालवणीत. हे कुणी कामात धरत नाही, पण त्याच्या रक्तदाबावर मला फरक दिसतो.

सुई टोचली तर बोट पिळू नकोस, साबणाने वाहत्या पाण्याखाली धू, पेशंटची माहिती घे आणि त्याच तासात डॉक्टरांना सांग. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर जितकी लवकर तितकी बरी, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. हिपॅटायटिस बीची लस तीन डोसांची, शून्य, एक आणि सहा महिने. डिप्लोमात झाली नसेल तर रुजू व्हायच्या आधी पहिला डोस घे.

तर घ्यावं की थांबावं? माझं मत: आधी वर्ष-दीड वर्ष मोठ्या ठिकाणी काढ. बांबोळीत, म्हापशाच्या जिल्हा हॉस्पिटलात, मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलात, नाहीतर एखाद्या मोठ्या खासगी ठिकाणी. पगार कमी असला तरी. तिथे तुझा हात चुकला की मागून कुणीतरी ओरडतं, आणि त्या ओरडण्यातूनच शिकणं होतं. क्लिनिकमध्ये ओरडणारं कुणी नाही. सरकारी जागा निघाली तर अर्ज कर. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो, कोंकणी यावीच लागते, मराठी आली तर चांगलं धरतात. पेडण्याच्या मुलीला यातलं काही अडणार नाही.

घरची अडचण असेल, आत्ताच पैसे हवे असतील, तर क्लिनिक घे, त्यात कमीपणा नाही. फक्त मुलाखतीला गेलीस की ओटी बघायला माग. दाखवत नाहीत म्हणाले तर तिथूनच परतीची कदंब बस पकड. दाखवलीच तर हत्यारं कुठे धुतात ते बघ, बाथरूमच्या बेसिनमध्ये की वेगळ्या सिंकमध्ये. ऑटोक्लेव्हची वही माग आणि शेवटची तारीख बघ. कचऱ्याची पिवळी, लाल पिशवी, काचेचा निळा डबा आणि सुयांचा पांढरा डबा जागेवर आहे का, की सगळं एकाच काळ्या पिशवीत जातं. केस चालू असताना ओटीत डॉक्टरांशिवाय किती माणसं असतात ते विचार. उत्तर "एक" असेल तर ती एक तू. रात्रीच्या इमर्जन्सीला बोलावलं तर वेगळे पैसे आणि घरी सोडायची गाडी मिळेल का, हे आधीच बोलून लिहून घे. फोंड्याहून पेडण्याला रात्री अकराला बस शोधत उभं राहणं ही गंमत नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील तर ईएसआयची (सरकारी कामगार विम्याची), वीसपेक्षा कमी असतील तर पीएफची आशा धरू नकोस, तेवढं पगारात माग. आणि चवथीची सुट्टी पहिल्याच दिवशी ठरव. चवथीआधी केसेस कमी होतात, कुणालाही टाके घेऊन माटोळी बांधायची नसते, पण नंतरच्या आठवड्यात श्वास घ्यायला मिळत नाही.

गुरुवारी जाताना नखं कापून जा, नेलपॉलिश काढून. मुलाखतीला आलेल्यांची मी तरी आधी नखंच बघते.